उत्तरेकडे दार असलेलं कपाट

समारंभांची टिंगल करायला मला नेहमीच मागची खुर्ची आवडत आली आहे. शाल, श्रीफळ, "फक्त दोन शब्द बोलतो" म्हणून चाललेला अर्धा तास. या सगळ्यावर माझं मत ठाम होतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या हवामान केंद्राचं उद्‌घाटन करायचं ठरवलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "साधंच करा हं." आणि भाषण लिहायला बसलो.

आम्ही तळमजल्यावर राहायचो, म्हणून मागची चार झाडांची बाग आमच्या वापरात होती. हवामानाचा नाद मला लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकाने लावला. बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात मी पावसाचं पाणी मोजायचं नरसाळं बसवलं, एका खांबावर पत्र्याचा वातकुक्कुट चढवला. तापमापकांसाठी मात्र पुस्तकात एक खास पेटी सांगितली होती. लाकडी, पांढरी, चारी बाजूंनी तिरक्या फटींची, म्हणजे आत वारा खेळेल पण ऊन शिरणार नाही. चार पायांवर छातीइतक्या उंचीवर उभी. दार उत्तरेकडे.

सुताराने ती झकास केली. आईला फारच आवडली. तिने चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. एका तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळावं लागतं. त्यासाठी तिने आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून दिली. मालवणकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या आपल्या आईला विज्ञानाची गोडी लागली, असं मला वाटलं. मी ते भाषणातही घातलं.

त्याच्या महिनाभर आधी झालेलं एक बोलणं मी विसरलो होतो. आईने गोराईहून सुके बोंबील आणले होते, पावसाळ्याची बेगमी. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेनने वासाची तक्रार केली. भांडण नव्हतं, जिन्यात हसत हसत सांगितलं, पण आई तेव्हापासून डबा उघडताना खिडक्या लावायची. एकदा ती म्हणाली, "भायर एक जाळीचा कपाट असता, तर बरा झाला असता रे." मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो, "बघू."

आणि मग सुतार आला.

रविवारी सकाळी मी प्रमुख पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो. हे सेक्रेटरींचे मामेसासरे, निवृत्त प्राचार्य. परत आलो तर बागेत खुर्च्या, सतरंजी, हळदीकुंकवाचं तबक. नरसाळ्याला फीत बांधता येईना, म्हणून सेक्रेटरींनी ती पेटीच्या दाराला बांधली होती. मला ते शोभून दिसलं.

सेक्रेटरी बोलले. सोसायटीचं नाव दिल्लीपर्यंत जाईल म्हणाले. मग प्राचार्यांनी फीत कापली, दार उघडलं, आणि कुणी टाळ्या वाजवल्याच नाहीत.

दोन तापमापकांच्या मध्ये, सुतळीला ओवलेली बोंबलांची माळ लटकत होती.

"अरे बापरे," पहिल्या मजल्यावरची बेन म्हणाली आणि पदर नाकाला लावला.

"अहो, हे काय? कुणाचं हे?" सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं.

प्राचार्यांनी चष्मा सारखा केला. "आर्द्रता कमी दिसते," ते म्हणाले. "चांगले वाळलेत."

सगळी बाग हसली. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. हसणं बघून तीही हसली. "माझेच ते," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "झिलान कपाट करून दिल्यान माका."

इतक्या अभिमानाने तिने माझ्याविषयी चारचौघांत कधीच सांगितलं नव्हतं. वारा-पाऊस मोजायचं यंत्र म्हणजे तो खांब आणि ते नरसाळं, अशी तिची समजूत होती. पेटी काय आहे, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आतल्या काचेच्या नळ्या बघून तिला वाटलं असणार, मुलगा शिकलेला आहे, कपाटातही काहीतरी लावणारच.

मग तिला कापलेली फीत दिसली. माणसांचे चेहरे दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हो, हिच्यासाठीच केलं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी वातकुक्कुटाकडे बघत राहिलो. वारा पश्चिमेचा होता.

आईने ट्रे खाली ठेवला, माळ काढली, पदराखाली धरली आणि आत गेली. मी भाषण केलं. विज्ञानाच्या गोडीचा परिच्छेद गाळला.

सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझ्यापायी तुझा तापमान बिघडला नाय मां रे?"

"नाही गं," मी म्हणालो. दोनच शब्द. भाषण मात्र दोन पानांचं लिहिलं होतं.

पावसाळ्याआधी सुताराला बोलावून मी तशीच दुसरी पेटी करून घेतली आणि पहिलीच्या शेजारी उभी केली. या वेळी आईला बाहेर नेऊन सांगितलं, "ही तुझी. फक्त तुझी." तिने दाराची कडी लावून पाहिली, फटींवरून हात फिरवला आणि पायांखाली वाट्या ठेवल्या.

सेक्रेटरी कुतूहलाने आले. दुसरी कशाला, म्हणाले. त्यांनी दार उघडलं. आत लसणीच्या माळा होत्या, नीट, ओळीने.

"हे छान," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "बोंबील कुठेत?"

"कोळणीक देऊन टाकलंय," ती म्हणाली. "लोकांका वास येता रे."