प्रागचं घड्याळ आणि परभणीची वेळ

आमच्या घरात घड्याळं पुष्कळ होती, पण आमचं एकही नव्हतं. परभणीच्या एसटी स्टँडसमोर, एका औषधांच्या दुकानाच्या पायरीला लागून बाबांची काचेची पेटी असायची. पेटीमागे स्टूल, पेटीत लोकांची बंद पडलेली मनगटी घड्याळं आणि बाबांच्या उजव्या डोळ्याला चिकटलेलं काळं भिंग. अर्धवट राहिलेली कामं ते संध्याकाळी डब्यात घालून घरी आणत. पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही तिघं आणि उशाशी टिकटिकणारी पंधरा-वीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. शाळेत उशीर झाला की बाई विचारायच्या, "घड्याळवाल्याची मुलगी ना गं तू?" वर्ग हसायचा. मीही हसायचे, कारण रडले असते तर आणखी हसले असते.

मग मोबाइल आले. लोक खिशातून वेळ काढून बघायला लागले. बाबांच्या पेटीपुढे कुणी थांबेना, थांबलं तर नुसता सेल टाकून घ्यायला. आई एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. तिथे उरलेल्या पोळ्या ती पदराखाली झाकून आणायची, शेजारणीला दिसू नयेत म्हणून. शेजारीण रोज विचारायची, "आज काय केलंत जेवायला?" आणि आई रोज एक नवी भाजी सांगायची. नुसत्या पोळ्या चहात बुडवून खाताना आम्ही त्या दिवशीच्या भाजीचं नाव ऐकायचो.

बाबा सातवी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात कॉलेजात जाऊन पदवी घेणारी पहिली मी. हे मी सांगते, पुन्हा पुन्हा सांगते. माझ्या लॅबमधली पुण्याची मैत्रीण म्हणते, "यार, तुला कुणी नुसतं नाव विचारलं तरी तू आधी हेच सांगतेस." सांगते. कमावलंय मी ते.

बाबांच्या पेटीच्या काचेला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं. प्रागमधलं एका मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ. सोन्याचे काटे, आकड्यांची वर्तुळात वर्तुळं, वर दोन छोट्या खिडक्या. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की बाबा त्या चित्रावर चिमटा ठेवून म्हणायचे, "हे सहाशे वर्षं चालायलंय. तुमचं दोन वर्षांत कसं काय बंद पडलं? अंघोळीला बसता का घालून?"

मी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पीएच.डी. करायला आले, त्याच्या तिसऱ्या वर्षी बाबांना काचबिंदू असल्याचं कळलं. कळेपर्यंत डावा डोळा गेला होता. उजव्याला मधलं तेवढं दिसायचं, पाइपातून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, किती दिवस ते सांगता येत नाही. त्याच हिवाळ्यात माझा पेपर प्रागच्या एका परिषदेत निवडला गेला. फोनवर बाबांनी परिषद कशाची ते विचारलंच नाही. म्हणाले, "ते घड्याळ आहे ना तिथं? मला दाखव. व्हिडिओ पाठवू नको. व्हिडिओत मधलं कापत्यात. चालू असताना दाखव. डोळा आहे तोवर."

मी म्हटलं, "दाखवते, बाबा. त्यात काय." हे 'त्यात काय' मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा तेव्हा तोंडावर आपटलेय.

माझं संशोधन कशावर होतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या गाढवपणाची उंची लक्षात येईल. वेगवेगळ्या ठिकाणी बसवलेल्या यंत्रांच्या आतली घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यातली अतिसूक्ष्म चूक कशी काढायची, यावर. बाबा स्टँडवर सगळ्यांना सांगायचे, "ती पण घड्याळाचंच करते. पण लई बारीक."

परिषदेला लॅबमधली ती पुण्याची मैत्रीणही आली होती, आणि आदला दिवस आम्हा दोघींना मोकळा होता. मैत्रीण दहावीच्या सुट्टीत आईवडिलांबरोबर युरोपची टूर करून आलेली, त्यामुळे तिला काही बघायची घाई नव्हती. माझ्या फोनमध्ये चौदा ठिकाणांची यादी होती आणि प्रत्येकापुढे मिनिटं. पूल, बारा मिनिटं. किल्ला, चाळीस मिनिटं. जुनं ग्रंथालय बाहेरून, सहा मिनिटं.

"बाहेरून सहा मिनिटं काय करणारेस?" मैत्रिणीने विचारलं.

"बघणार."

"भिंत?"

सकाळी हॉटेलबाहेर पडलो तेव्हा पारा शून्याच्या खाली होता. तिने सांगितलं, जाड मोजे घाल, दगडी फरशी आहे. मी म्हटलं, "मला नको सांगू थंडीचं. मिशिगनमध्ये राहते मी." त्यावर वीसेक पावलांच्या आत मी त्या गोठलेल्या फरशीवर घसरून सपशेल आपटले. तेव्हा लक्षात आलं, की मिशिगनमध्ये मी थंडीत राहतच नाही. गरम घरातून गरम बसमध्ये, तिथून गरम लॅबमध्ये. थंडीशी माझी ओळख काचेतून.

पूल बारा मिनिटांत उरकला. मैत्रिणीला कठड्यापाशी थांबून नदीवरचं धुकं बघायचं होतं. मी घड्याळाकडे बघत "चल, चल" करत होते, सहलीला आणलेल्या मुलांच्या बाईंसारखी. दोन चर्च, एक दरवाजा आणि ग्रंथालयाची भिंत पाहून बाराला दहा कमी असताना आम्ही मोठ्या चौकात पोचलो. नाताळचा बाजार भरला होता, भाजलेल्या पिठाचा आणि दालचिनीचा वास सुटला होता. मनोऱ्याखाली माणसांचा नुसता गठ्ठा. तासाचा ठोका पडला की वरच्या खिडक्या उघडतात, आतून पुतळे फिरतात, ते बघायला ही गर्दी. मी बॅग पुढे धरून शिरत शिरत पहिल्या रांगेत गेले. स्टँडवर वाढलेय, तेवढं जमतं मला.

घरी स्मार्टफोन एकच, आईकडे. व्हिडिओ कॉल लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी पडद्यावर खाणावळीचं छत आलं, मग पिठाने माखलेला हात, मग आई.

"काय गं? आत्ता?"

"आत्ता म्हणजे? घड्याळ वाजेल आता, आई. बाबा कुठेत?"

"घरी आहेत की. मी पोळ्या लाटायलेय. तू रात्री साडेदहा म्हणालीस ना? ते दुपारी झोपून घेत होते, रात्री जागायचं म्हणून."

ॲन आर्बरमधल्या आम्हा सगळ्या देशी पोरांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं असतं. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे बारा, की घरी रात्रीचे साडेदहा. विचार करावा लागत नाही, फोन उचलायच्या आधीच ते झालेलं असतं. मी प्रागचे बारा त्याच गणितात घातले होते. मी आता मिशिगनमध्ये नाही, अर्ध्या वाटेवर आहे, आणि इथे बारा वाजतात तेव्हा परभणीत दुपारचे साडेचार वाजतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सेकंदाच्या लाखाव्या भागातली चूक शोधणारी मी, सहा तासांनी चुकले होते.

तेवढ्यात ठोके पडायला लागले. खिडक्या उघडल्या, पुतळे फिरले, लोकांनी फोन उंच केले. मी फोन उलटा धरून खाणावळीचं छत बघत होते.

"आई, तू घरी जाऊ शकशील का? साडेपाचच्या आत? एक वाजता परत वाजतं ते."

"अजून सत्तर पोळ्या आहेत. मालकीणबाईंना विचारते." मग जरा थांबून, "टोपी कुठंय तुझी? कान झाक."

मैत्रिणीला हसू आवरत नव्हतं, पण तिने ते मफलरमध्ये कोंबलं. "ठीक आहे यार, तासभर आहे. किल्ला बघून येऊ. तुझी चाळीस मिनिटं."

"नाही. जागा जाईल."

"किल्ला कॅन्सल?"

"सगळंच कॅन्सल."

मी तिथून हलले नाही. गर्दी पांगली, नवी आली, माझ्याभोवती साचली. पायाची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. जाड मोज्यांबद्दल मैत्रीण एक शब्द बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. ती जाऊन दोघींसाठी गरम सूप घेऊन आली. मी फोन हातात धरून होते, आईचा कॉल कधी येईल म्हणून, आणि बारा चाळीसला तो फोन गारठून बंद पडला. पडदा काळा.

हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा माझा आवाज बदललेला असावा. कारण ती हसली नाही. तिच्याही फोनची बॅटरी सकाळच्या फोटोंनी संपत आली होती. तिने कोटाच्या खिशातून दोन छोटी गरम पाकिटं काढली, ॲन आर्बरला फुटबॉलची मॅच बघायला जाताना पोरं हातमोज्यांत घालतात तसली. ती फोनच्या पाठीला लावून वरून स्वतःचा केसांचा रबर गुंडाळला.

"आता काखेत धर," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुझ्या. फोन तुझा आहे."

पहिल्या पदवीधराने प्रागच्या मुख्य चौकात काखेत फोन दाबून, डोळे मिटून दहा मिनिटं काढली. एक म्हाताऱ्या बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. बहुधा मला प्रार्थना करणारी समजल्या असाव्यात. त्यांचं फार चुकलं नव्हतं.

एकला सहा मिनिटं असताना फोन सुरू झाला. सोळा टक्के. कॉल लावला, पहिल्याच रिंगला उचलला गेला. पडद्यावर बाबांचं कपाळ.

"अहो, मागं सरका जरा," आई म्हणत होती. "तिला तुमचं टक्कल दिसायलंय नुसतं."

"मला दिसल्याशी मतलब," बाबा म्हणाले. त्यांचा उजवा डोळा इतका जवळ आला, की पडदा भरून तोच.

मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. वेळ चुकीची सांगितली मी."

"मला वाटलंच होतं. अमेरिका पार पलीकडं, अन् हे गाव मधी. मग तिथल्या दुपारी इथं एवढी रात्र कशी व्हईल? पण म्हटलं, शिकलेली पोरगी आहे, तिनं बघूनच सांगितलं असेल."

मी फोन वर धरला.

"डावीकडं. अजून. थांब. हालू नको."

एका उंच माणसाने बरोबर माझ्यापुढे काठी लावलेला फोन उभा केला. मैत्रिणीने त्याच्या कोपराला हात लावून इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि तो चटकन खाली वाकला, तसाच वाकून राहिला. ठोका पडला. घड्याळाच्या बाजूला बसवलेल्या हाडांच्या सांगाड्याने दोरी ओढली, खिडक्यांतून पुतळे जायला लागले, गर्दी ओरडली.

"त्या बाहुल्या राहू दे," बाबा म्हणाले. "काट्यावर धर."

मी काट्यावर धरला. खिडक्यांवरचा सोनेरी कोंबडा आरवला, खिडक्या मिटल्या, दोन मिनिटांत चौक अर्धा रिकामा झाला. उंच माणूस कंबर चोळत गेला.

"गेले ना सगळे? आता बघू." त्यांनी डोळा आणखी जवळ आणला. "मिनिटकाटा नाहीये ह्याला."

"नाहीये?" मी विचारलं. मी त्या घड्याळासमोर एक तास उभी होते.

"बघितलं नाहीस का? वेळेचा काटा एकच आहे, सोन्याच्या हातावाला. त्या काळी मिनिटाचं कुणाला काय पडलंय. चावी कोण देतं ह्याला?"

"माहीत नाही, बाबा."

"विचार कुणाला तरी."

"विचारते."

वर धरून धरून माझे हात भरून आले, तशी मैत्रीण मागून आली आणि तिने माझी दोन्ही कोपरं खालून धरली. नऊ टक्के. सहा टक्के. आई मधेच म्हणाली, "अहो, पाच मिनिटं झाली, तिचे हात दुखत असतील." बाबांनी ऐकलं नाही. ते पेटीमागे बसायचे तसे बसले असणार, जेवायला हाक मारली तरी मान वर न करणारे.

"सरकला," ते म्हणाले.

"काय?"

"काटा. मघाशी त्या आकड्याला टेकून होता. आता सुटलाय. बघ."

मी बघितलं. मला काही कळलं नाही. चांगले दोन डोळे आणि चष्मा असून नाही कळलं. तेवढ्यात फोन बंद पडला, आणि या वेळी काखेत धरूनही उठला नाही.

किल्ला आम्ही पाहिला नाही. संध्याकाळ मी हॉटेलच्या टबमध्ये गरम पाण्यात पाय बुडवून काढली, आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना मला तीनदा शिंक आली. एका प्राध्यापकांनी अवघड प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी बरोबर दिलं. चावी कोण देतं ते मात्र विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाबांचा उजवा डोळाही गेला. पुढच्या वर्षी मला पीएच.डी. मिळाली आणि आता मी ॲन आर्बरमध्येच नोकरी करते. आईने खाणावळ सोडली. बाबांनी ते घड्याळ, चालू असताना, स्वतःच्या डोळ्याने पाहिलं.