दात तो दात

गुरुजी म्हणाले, "आ कर."

मी केला. याच गुरुजींनी माझा हात हातात धरून पाटीवर 'आ' गिरवून घेतला होता. चाकणकडच्या आमच्या गावात महारवाड्यातल्या पोरीला शिवणारा तो एकच माणूस. माझी दाढ ठणकत होती. "पुण्याचे डॉक्टर येतायत, दाढ काढतील," असं तेच आईला सांगून गेले होते. आई हरखली. तिनं माझी तेल लावून वेणी घातली.

तेव्हा पिंपरीकडं कारखाने उठत होते, आणि आमच्या शाळेच्या पडवीत दातांचं शिबिर भरलं होतं. गावातल्या पोरांना आधी घेतलं. बधिर करायची सुई देऊन, हनुवटी धरून. आम्ही शेवटी. आम्हाला सुई नाही. डॉक्टर हातभर लांब उभा राहिला. बोट लागू नये म्हणून. तेवढ्या लांबून चिमटा दाढेपर्यंत पोचेना. मग हाताशी आला तो दात त्यानं उपटला. पुढचा. धडधाकट.

दात ताटलीत पडला. गावाचे दात, आमचे दात, सगळे एकाच ताटलीत. तिथं विटाळ नव्हता. दुपारी आरोग्य खात्याचे मोठे साहेब ती ताटली बघायला येणार होते. जितके दात जास्त, तितकं शिबिर यशस्वी.

परकर रक्तानं भिजला. मी म्हणाले, "गुरुजी, दुखती ती दाढ आतच हाय. चांगला दात काढला त्यांनी."

गुरुजी ताटलीकडं बघत होते.

"असू दे गं. दात तो दात. मोजताना सगळे सारखेच. अजून एक निघू दे. आ कर."

डॉक्टरचं मला काही वाटलं नाही. तसली माणसं रोज बघत होते. पण गुरुजी? माझा हात धरणारे? मी ओठ घट्ट मिटले. जबरदस्ती कुणी करू शकेना, त्यासाठी मला शिवावं लागलं असतं. आणि त्या दिवशी, पुण्याच्या डॉक्टरांच्या देखत, गुरुजीही शिवले नाहीत.

पुढं मी आरोग्य खात्यात लागले. शिबिराची आखणी करताना अजून विचारतात, "यशात दात किती धरायचे?" मी म्हणते, दुखणं कुणाचं थांबलं ते महिन्यानं घरोघर जाऊन विचारायचं. तेवढंच धरायचं.

बोलताना फटीतून वारा जातो. खोटा दात बसवा, म्हणतात. नाही बसवणार. माझा चांगला दात त्यांनी यशात मोजलाय. ती मोजणी मला मान्य नाही.