रेश्मा अत्तार ऑन एअर

रेडिओवर बोललेलं हवेत जातं. रेकॉर्डिंगसुद्धा आम्ही तीन महिन्यांनी पुसून टाकायचो, कारण कॉम्प्युटरमध्ये जागाच नसायची. पण माइक बंद असताना जे घडतं ते कुणी पुसत नाही, ते साठत जातं. आम्ही जुने स्टेशनवाले अधूनमधून नाश्त्याला भेटतो. पहिली दहा मिनिटं गुडघेदुखी आणि मुलांच्या ॲडमिशन. मग कुणीतरी म्हणतं, "रेश्माचं ते आठवतंय का?" की डोसे गार झालेच.

रेश्मा अत्तार म्हणजे तीच, जिच्या मुलाखतींना आज हॉल भरतात. मोठमोठे नट आणि गवई तिच्यासमोर बसायला कबूल होतात. आम्हाला मात्र ती सकाळच्या शोमध्ये लोकांच्या फिरक्या घेणारी म्हणून आधी माहीत. मी तिचा प्रोड्यूसर, म्हणजे काचेच्या अलीकडे बसून 'आवर आता' अशा खुणा करणारा माणूस.

*

ती ऑडिशनला आली तेव्हा आमच्या स्टेशनच्या प्रमुखांनी, देवधर सरांनी, तिला वाचायला एक कागद दिला. ट्रॅफिकची बातमी होती. 'कात्रज चौकात वाहतूक सुरळीत आहे' इथपर्यंत वाचून ती थांबली.

म्हणाली, "हे खोटं आहे. मी आत्ता मावशीकडून तिथूनच आले. पाऊण तास अडकले होते."

सरांनी समजावलं की हा नुसता नमुना आहे, आवाज बघायचा असतो. त्यावर तिने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "म्हणजे खोटं किती चांगलं वाचता येतं ते बघायचंय?"

सर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, ही मुलगी एक दिवस आपल्याला गोत्यात आणणार. मी म्हटलं, मग नको घ्यायला.

"छे छे," सर म्हणाले. "सोमवारपासून सकाळचा शो दे तिला."

*

त्या शोमध्ये ती रोज कुणालातरी फोन लावायची आणि खोटंच काहीतरी सांगून त्याला चिडवायची. माणूस पुरेसा तापला की 'तुम्ही रेडिओवर आहात' म्हणून सांगायचं. रिक्षांमध्ये, सलूनमध्ये, सगळीकडे तोच कार्यक्रम लागलेला असायचा.

एकदा नारायण पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांना फोन लावला. रेश्मा म्हणाली, सरकारी खात्यातून बोलतेय, गच्चीतल्या कुंड्या मोजायला माणूस येणार आहे, तुळस सोडून प्रत्येक कुंडीला परवाना लागेल. गृहस्थ शांतपणे 'हं, हं' करत राहिले. ते तापायची वाट बघून आम्हीच तापलो.

शेवटी ते म्हणाले, "आपला कार्यक्रम किती वाजता संपतो?"

रेश्मा गडबडली. कुठला कार्यक्रम, काका?

"सरकारी खात्यातून मला आजवर कुणी 'काका, दोन मिनिटं वेळ आहे का' असं विचारलेलं नाही." आणि फोन ठेवला.

आठवड्याने त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. 'निवेदिकेचा ण उत्तम आहे. कार्यक्रम बंद करावा.'

*

कार्यक्रम बंद झाला, पण त्या पत्रामुळे नाही.

लोक आम्हाला आपल्याच मित्रांचे, नातेवाइकांचे नंबर पाठवायचे, 'याची फिरकी घ्या' म्हणून. वाघोलीतल्या एका माणसाचा नंबर असाच त्याच्या मित्रांनी पाठवला होता. मी निवडला, मीच रेश्माला लिहून दिलं की कंपनीच्या एचआरमधून बोलतेय असं सांग, नोकरी लागली म्हण, मग विचित्र अटी घाल. रोज ऑफिसात शीर्षासन करावं लागेल वगैरे.

तिने नोकरीचं सांगितलं.  मग त्याने रिसीव्हर बाजूला धरून घरात हाक मारलेली ऐकू आली. "अगं, लागली. नोकरी लागली."

मागे एक बाई रडायलाच लागली.

तो आठ महिने घरी बसून होता. मित्रांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मी काचेआडून रेश्माला खुणा करतोय, पुढे चल, शीर्षासन. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हाताने गाणं लावलं आणि माइक बंद करून त्याला खरं काय ते सांगितलं. तिच्या आवाजात तेव्हा तो प्रसिद्ध खट्याळपणा अजिबात नव्हता.

शो संपल्यावर आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून वाघोलीला गेलो.  मला वाटलं होतं, तो माणूस दारातूनच हाकलून देईल. दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने आत घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. बायको चहा ठेवून गेली ती परत बाहेर आली नाही. रेश्मा माफी मागायला लागली तर त्याने हातानेच थांबवलं.

"तुमचा दोष नाही," तो म्हणाला. "तुमचा आवाज फार चांगला आहे. मला खरं वाटलं."

त्याच्या नोकरीसाठी नंतर तिने किती जणांना फोन केले ते मी पाहिलंय. खरे फोन. दोन महिन्यांनी एका गोडाउनमध्ये त्याचं काम झालं.

*

वाघोलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती देवधर सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की फिरक्या बंद. सर हादरले. तोच तर शो होता. सकाळचा अख्खा तास करणार काय?

"प्रश्न विचारीन."

"कसले?"

"ज्यांची उत्तरं मला माहीत नाहीत असे."

सर म्हणाले, एक महिना देतो. त्या महिन्यात आमचे श्रोते इतके घटले की सकाळी रिक्षात बसलो तर दुसरंच स्टेशन ऐकू यायचं. मी रिक्षावाल्याला काही बोलायचो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

*

तिची पहिली मोठी मुलाखत एका हिंदी सिनेमाच्या हीरोची. पिक्चरच्या जाहिरातीसाठी पुण्यात आला होता. रेश्माने पहिलाच प्रश्न टाकला, तुमचे गेले तीन पिक्चर पडले, तेव्हा घरी कोण काय म्हणालं? हीरो उठला, हेडफोन टेबलावर टाकला आणि निघून गेला. पंचवीस मिनिटं आम्ही गाणी वाजवली. सर त्यांच्या केबिनमध्ये डोकं धरून बसले होते.

पण तो जाताना गॉगल विसरला. संध्याकाळी त्याच्या हॉटेलातून माणूस आला गॉगल न्यायला. रेश्मा म्हणाली, त्यांना स्वतः यायला सांगा, मला माफी मागायचीय आणि ती तुमच्यामार्फत पाठवता येणार नाही.

आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. सकाळी साडेआठला हीरो हजर! तिने माफी मागितली. म्हणाली, प्रश्न चुकीचा नव्हता, पण पहिला नव्हता विचारायचा. तो थोडा वेळ गॉगल हातात फिरवत उभा राहिला. मग आपणहूनच खुर्चीत बसला आणि म्हणाला, माझी आई तीनही वेळा म्हणाली की पिक्चर चांगला होता, लोकांनाच कळलं नाही.

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. गडी चाळीस मिनिटं बोलला. त्यानंतर सरांनी त्या एका महिन्याचा विषय पुन्हा काढला नाही.

गॉगल पुन्हा विसरला. तो मात्र आम्ही हॉटेलवर पोचवला.

*

रेश्माच्या अब्बांचं पुण्याच्या कॅम्पात अत्तराचं छोटंसं दुकान आहे. मुलाखती जमायला लागल्या तेव्हा त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाच्या मनगटाला अत्तर लावल्या लावल्या 'कसंय?' म्हणून विचारायचं नाही. जरा थांबायचं.

तिने हे फारच मनावर घेतलं. प्रश्न विचारायची आणि थांबायची. समोरचा बोलून संपला तरी थांबायची. बहुतेक वेळा खरं उत्तर त्यानंतर यायचं.

अडचण स्टेशनच्या कॉम्प्युटरची होती. सलग दहा सेकंद शांतता झाली की काहीतरी बिघडलंय असं समजून तो आपणहून गाणं लावायचा. एका ज्येष्ठ गायिकेची मुलाखत लाइव्ह चालली होती. बाई आपल्या गुरूंबद्दल बोलता बोलता थांबल्या, डोळे भरून आले. रेश्मा थांबली. मीही इकडे श्वास रोखून थांबलो.

बरोबर अकराव्या सेकंदाला धांगडधिंग्याचं लग्नाच्या वरातीतलं गाणं सुरू झालं.

मी बटणांवर तुटून पडलो. आवाज बंद केला, पुन्हा माइक चालू केला. स्टुडिओत बाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

"हे आमच्या गुरुजींनीच लावलं असणार," त्या म्हणाल्या. "मी रडलेलं त्यांना कधी खपायचं नाही."

इंजिनिअरने त्याच दिवशी दहाचे पंचवीस सेकंद केले. सर फक्त एवढंच म्हणाले, "तीस कर."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी स्वतः विंगेत उभं राहून पाहिलेला आहे.

एका ज्येष्ठ विनोदी नटाची जाहीर मुलाखत होती. नाव सांगत नाही. त्यांची पत्नी महिन्याभरापूर्वी गेली होती. पन्नास वर्षांचा संसार. कार्यक्रम रद्द करू या म्हणून रेश्माने फोन केला तर ते म्हणाले, तिकिटं गेलीयत, मी येतोय. आयोजक उलट खूश होते. त्यांनी रेश्माला दोनदा बजावलं की वहिनींचा विषय शेवटी जरूर काढा, लोक त्यासाठीच आलेत. तिच्या हातातल्या कार्डांमध्ये शेवटचं कार्ड त्याचंच होतं. मीच टाइप केलं होतं.

दीड तास त्यांनी हॉल हसवला. दौऱ्यात हरवलेली मिशी, भलत्याच नाटकाचा संवाद म्हणणारा सहकलाकार, काही विचारू नका. नऊशे माणसं डोळे पुसत होती, हसून. शेवट आला. आयोजक समोरच्या रांगेतून रेश्माकडे बघत होते. तिने ते कार्ड वर घेतलं, पाहिलं आणि सगळ्यांच्या खाली सरकवून दिलं. मग आभार मानायला लागली.

नट म्हणाले, "थांबा. तुम्ही मला एक विचारलंच नाहीत."



"नाही विचारलं," रेश्मा म्हणाली.

 त्यांनी मान हलवली. "बरं केलंत. घरी गेलो की सांगतो तिला."

रेश्माने हात जोडले. "माझा नमस्कार सांगा त्यांना."

"नाव काय सांगू?"

"रेश्मा अत्तार. कॅम्पातली."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, चष्मा लावला, आणि नऊशे माणसांसमोर सावकाश ते लिहून घेतलं.