भिंतीवरचं लायसन

नळदुर्गच्या अलीकडं निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर आमची मोटार अडवली. मागं जर्मन साहेब बसलेला. संध्याकाळची मेलगाडी चुकली की त्याची मुंबैची बोट जाणार, आन् बोट गेली की माझी नोकरी. मालकानं सकाळीच बजावलं हुतं.

साहेब दोन म्हैने मालकाच्या गिरणीत मशीन बसवत हुता. जाताजाता किल्ला बघायचा म्हनला. निघताना त्यानं मला पासपोर्ट दावला. परमुलखात आपण कोन ते सांगणारं, फोटो लावलेलं बुक. संगं घ्यावं का बंगल्यावर ठिवावं, इचारत हुता.

मी शहाणा. म्हनलो, "ठिवा की साहेब. हरवलं तर घरी कसं जाल? माझं लायसन बघा, मोटार हाकायचा सरकारी परवाना. काच लावून भिंतीवर हाय. बायकू रोज हळदकुंकू वाहती."

साहेब हसला आन् बंगल्यात जाऊन आला. मला वाटलं, ऐकलं माझं.

नाक्यावरच्या हवालदारानं इचारलं, हे गोरं कोन? मी सांगाया लागलो, लई भला मानूस, मी वळखतो.

"आन् तुला कोन वळखतं? लायसन काढ."

"हाय की. घरी."

"मोटार घरातच चालवतोस व्हय?"

तवर साहेबानं मोज्यातनं पासपोर्ट काढला. हवालदारानं फोटो बघितला, साहेब बघितला आन् सलाम ठोकला. म्हनला, साहेबानं खुशाल जावं. डायवर हितंच बसंल, लायसन येईस्तवर.

हे सारं मराठीत. साहेबाला येत हुती मोडकी हिंदुस्थानी. चलो म्हनला, तर मी लाजंनं खोटंच सांगितलं, की हवालदार माझा दोस्त हाय, च्या घेतल्याबिगर सोडत न्हाय. मग पान दिलं, हातापाया पडलो, हळदकुंकवाचंबी सांगितलं. हवालदारानं पान खाल्लं, मला काय सोडलं न्हाय. साहेब घड्याळ काढी, ठिवी, परत काढी. दोन तास गेले. किल्ला गेला. आता मेलबी जाणार.

शेवटी हवालदारालाच साहेबाची दया आली. त्यानं हिंदुस्थानीत खरं काय ते सांगून टाकलं. साहेबानं माझ्याकडं बघितलं न्हाय. दुसऱ्या मोज्यातनं स्वताचं लायसन काढलं आन् म्हनला, "हम चलाएगा. ये पीछे बैठेगा."

हवालदारानं इचार केला. मागं बसणाऱ्याला लायसन लागत न्हाय. आडवा बांबू वर गेला.

साहेबानं मोटार अशी हाणली की मी डोळं मिटून बसलो. उघडलं तवा आमच्या गावातला सात रस्ता चौक आलेला. फुडं साहेब हाकतोय, मागं मी, खाकी डगल्यात. आमच्यातलेच चार डायवर कडंला हुबे. एक म्हनला, "काय रावसाहेब, डायवर नवा ठिवला का?"

मेल गावली. नोकरी ऱ्हायली. साहेबाचा किल्ला मातुर ऱ्हाऊन गेला, त्यो माझ्यापायी.

म्हनून सांगतो, परमुलखात हिंडताना कागद अंगावरच ठिवा. माझं लायसन आता मोटारीत हाय. कुंकवानं काचेला चिकटलंय, निघंना, तवा फ्रेमसकट हिंडवतो. हवालदार आदी कुंकू पुसतो, मग नाव वाचतो.