पूजेतले स्केट्स

दसरा गुरुवारी होता, आम्ही तो रविवारी केला. इथे परदेशात, आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातली मराठी घरं सगळेच सण असे शनिवार-रविवारी ढकलतात. देवांनाही एव्हाना आमचं रोस्टर पाठ झालं असावं.

आमची मुलगी तेरा वर्षांची, आइस हॉकीची गोलकीपर. ज्या देशात ख्रिसमसला माणसं समुद्रात डुंबतात, तिथे हिला नेमका बर्फावरचा खेळ सापडला. मी आधी टेनिस सुचवलं, मग बुद्धिबळ, शेवटी मॅथ्सचं कोचिंग. तिने तिन्हींना मान डोलावली आणि आईबरोबर रिंकवर गेली. या खेळात पक नावाची जाड रबरी चकती असते. ती अंगावर आली की शहाणा माणूस बाजूला होतो, गोलकीपर मुद्दाम आडवी जाते. आमच्या घराण्यात कुणी कशाला आडवं गेल्याचं ऐकिवात नाही. आम्ही आधी बाजूला होतो आणि मग मत देतो.

चार वर्षं मी तिच्या सामानाला भंगार म्हणत आलो. ते गॅरेजमध्ये वाळत घातलं की गाडीलासुद्धा घामाचा वास यायचा. सामन्यांना तिची आई जायची, वेस्टमीडच्या लॅबमधली शिफ्ट बदलून घेऊन. तिला अगदीच जमलं नाही तर मी मुलीला सोडायचो आणि पार्किंगमध्ये गाडीत लॅपटॉप उघडून बसायचो. आत फार थंडी असते, असं मी सांगायचो.

त्या रविवारी मात्र मला लेकीच्या खेळाचा एकदम उमाळा आला. त्याचं खरं कारण असं की, मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून शस्त्रपूजेचे फोटो येत होते. कुणाचा स्टेथोस्कोप, कुणाची ड्रिल मशीन, कुणाची नवी इलेक्ट्रिक गाडी. माझ्याकडे आपला एक लॅपटॉप आणि हार घातलेली जुनी गाडी. मग मी पाटावर लॅपटॉपशेजारी तिचे स्केट्स मांडले, स्टिक ठेवली, पांढरे पॅड्स टेकवले आणि मधोमध मास्क. सगळ्यांना हळद-कुंकू सढळ हाताने वाहिलं, मास्कवर झेंडू ठेवला. फोटोखाली लिहिलं, ‘आमची रणरागिणी’. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं.

बारा वाजता मुलगी फोन घेऊन आली. राज्याच्या संघाची निवड सोमवारी होती, ती रिंकच्या काही अडचणीमुळे आजच ठेवली होती. याच दिवसासाठी ती वर्षभर पहाटे पाचला उठत होती.

‘बाबा, ट्रायल आज आर्वोलाच आहे. आय नीड माय किट.’ आर्वो म्हणजे इथल्या बोलीत दुपार.

‘पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत,’ मी म्हणालो. हा नियम माझ्या वडिलांचा. ते कारखान्यात फिटर होते आणि दसऱ्याला पान्यालासुद्धा हात लावत नसत.

‘सो आय मिस इट?’

‘कोचला सांग, आमची प्रथा आहे. ते रिस्पेक्ट करतील.’

ती सोफ्यावर जाऊन बसली. तिची आई कामावर होती, नाहीतर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं.

एवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसची सिस्टिम बंद पडली होती. मी फोन कानाशी धरला, झेंडू बाजूला सारला, पाटावरचा लॅपटॉप उचलला, स्पेसबारवरचं कुंकू झब्ब्याच्या बाहीने पुसलं आणि लॉगिन केलं. वीस मिनिटांत सिस्टिम सुरू झाली. ‘नो वरीज, मेट’ म्हणून मी मान वर केली, तर ती समोर उभी होती. तिने माझ्या बाहीवरच्या लाल डागाकडे पाहिलं.

‘गाडीलापण हार घातलायस,’ ती म्हणाली. ‘इट्स ओके. आय कॅन टेक द ट्रेन.’

मी मुकाट्याने सामान भरलं. हार काढायचं सुचलं नाही. मोटरवेवर झेंडूच्या पाकळ्या मागे उडत राहिल्या.

बाहेर तेहेतीस डिग्री, आत मी पातळ झब्ब्यात कुडकुडत उभा. तिला खेळताना पहिल्यांदाच पाहत होतो. घरात ग्लास पाडणारी माझी मुलगी तिथे गुडघ्यांवर पडून गोल बंद करत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. पक तिच्या ग्लोव्हमध्ये बसली की मला हायसं वाटायचं. अभिमान वाटत होता आणि तो वाटून घ्यायचा मला काहीही हक्क नव्हता.

मध्येच शिट्टी वाजली. ओल्या पॅड्सवरून लाल ओघळ बर्फावर उतरले होते. रेफरीला वाटलं, रक्त. कोच धावला, खेळ थांबला. ते पूजेतलं कुंकू होतं, हे मला ठाऊक होतं आणि मी डाग पडलेली बाही पाठीमागे लपवली.

तिने मास्क वर केला. ‘इट्स नॉट ब्लड. माय डॅड प्रेज फॉर माय गिअर.’

तिच्या आवाजात टिंगल नव्हती. असती तर बरं झालं असतं.

नंतर कोच हात पुढे करून माझ्याकडे आला. ‘सो यू आर द डॅड! फोर इयर्स, मेट. वी थॉट इट वॉज जस्ट हर अँड मम.’

तिची निवड झाली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने फॉर्म पसरला. सामन्यांना कोणते पालक येणार, अशी त्यात एक ओळ होती. पेन हातात धरून तिने विचारलं, ‘बाबा, तुझं नाव लिहू?’

‘लिही’ एवढंच म्हणायचं होतं. पण जिभेला वळण दुसरं पडलेलं. मी म्हणालो, ‘कॅलेंडर बघून सांगतो.’

तिने मान हलवली, आईचं नाव लिहिलं आणि फॉर्म दुमडून बॅगेत ठेवला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लॅपटॉप तेवढा मी आल्याआल्या आठवणीने परत पाटावर ठेवला होता. त्याची उत्तरपूजा अजून व्हायची होती.