उन्हातलं बाक

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या ब्लॉकमध्ये उन्हाळा कधी सुरू होणार, हे तळमजल्यावरचे शेजारी काका ठरवतात. हिवाळाभर उन्हात असलेलं लाकडी बाक मार्चमधल्या एखाद्या रविवारी ते कडुलिंबाखाली ओढतात, हात झटकतात आणि दणक्यात जाहीर करतात, "चलो जी, सर्दी खतम!" त्यांच्यापुढे हवामान खात्याचंही काही चालत नाही. संध्याकाळपर्यंत घरोघरी रजया पेटीत जातात.

यंदा मुंबईहून आई इकडे उत्तरेत आली होती. मार्चातही ती शाल गुंडाळून फिरायची आणि आम्ही सगळे तिला हसायचो. त्या रविवारी ती बाकावर ऊन खात बसली होती. काका बाक हलवायला बाह्या सरसावून आले आणि तिला पाहून थबकले.

"उठूं क्या, भाईसाब?" आईने तिच्या हिंदीत विचारलं.

"बिल्कुल नहीं, माताजी! सर्दी अभी गई कहां है?"

ते घरात गेले, हाफ स्वेटर चढवून आले आणि तिच्याशेजारी बसले. कपाळावरून घाम ओघळत होता.

आईने माझ्या खिडकीकडे पाहून हाक मारली, "बघ गं! इथल्या माणसालाही थंडी वाजतेय, आणि तुम्ही मलाच हसता!"