सुभेदारांची जामीनकी

घर विकत घ्यायचं म्हटलं की माणूस आधी भिंती बघतो, आढं बघतो, मान वर करून फुटकी कौलं मोजतो. आमचे सुभेदार आनंदराव यातलं काहीएक बघत नसत. घरात शिरले की तडक स्वयंपाकघराच्या दारापाशी जायचे, काठी भिंतीला टेकवायचे आणि परेडवर द्यावी तशी हाक द्यायचे, "जरा पानी द्या, कोन हाय आत!" पाणी आणणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलायचे, तांब्या रिकामा करायचे आणि मगच व्यवहाराचं तोंड उघडायचे. "भिंत काय, गवंडी नीट करतोय मास्तर," ते मला म्हणाले होते. "पर घरातल्या बाईच्या मनात काय हाय ते घर घ्यायच्या अगुदरच इचारावं लागतंय."

इस्लामपुरात त्यांच्या सहीला वजन होतं. आधीच्या लढाईतून पेन्शन घेऊन आलेले, उसाची चार एकर जमीन, मिशा पांढऱ्या पण पाठ ताठ. गावातली पतपेढी घरासाठी कर्ज देई, पण तिच्या दोन अटी होत्या. किमतीचा तिसरा हिस्सा घेणाऱ्यानं पदरचा घालायचा आणि दोन जामीन आणायचे. पदरचा हिस्सा लोक रडतकढत उभा करत. जामीन मात्र मिळता मिळत नसे, कारण दुसऱ्यानं हप्ता थकवला की जप्ती आपल्या दारात. सुभेदार लग्नासाठी जामीन राहत नसत, बैलासाठी राहत नसत, सख्ख्या भाच्याच्या दुकानासाठीसुद्धा राहिले नाहीत. राहायचे ते एकाच गोष्टीला, ज्याचं त्याचं जन्मातलं पहिलं घर.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. दुसरी लढाई जोरात चालली होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती आणि आमच्या घरमालकानं नेमक्या त्याच वेळी खोली खाली करायला सांगितलं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. माझ्या बायकोला, सरस्वतीला, सहावा महिना होता. "अक्षय्य तृतीयेपर्यंत बघा काय ते," असं मालक म्हणाला. हे म्हणताना तो पान खात होता. त्या पानाचा मला अजून राग आहे.

मी सुभेदारांकडं गेलो. पैसे उभे करायच्या वाटा त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं बसवून समजावल्या. सावकार मुदत खरेदी लिहून घेऊन लगेच पैसे देत असे, म्हणजे ठरल्या मुदतीत फेडलं नाही की घर त्याचं. "त्या वाटंला जाऊ नगा," सुभेदार म्हणाले. "सावकाराचं दार आत जायला लय मोठं असतंय. बाहीर यायला खिडकी बी न्हाई." मग म्हणाले, "पतपेढीचं बघा. तिसरा हिस्सा पदरचा घाला. पदरचं घातल्याबिगार घर अंगाला लागत न्हाई."

पदरचं म्हणजे सरस्वतीच्या पाटल्या. तिनं त्या स्वतःहून काढून दिल्या आणि वर मलाच म्हणाली, "अहो, तोंड कशाला एवढं करता? हात मोकळे असले की भाकरी चांगल्या होतात." थोडे तिच्या सांगलीच्या भावानं दिले. तो हळदीच्या अडतीवर कारकून होता आणि उपकार मोजून दाखवायची त्याला खोड होती, पण दिले खरे.

आणि मग मी घाई केली. पेठेच्या मागं दगडू नावाच्या माणसाचं तीन खणी घर विकाऊ होतं. सकाळी बघितलं, संध्याकाळी दगडू दारात हजर. "मास्तर, दुसरं गिऱ्हाईक उंबऱ्यात बसलंय. आज इसार दिला तर घर तुमचं, न्हाईतर रामराम." इसार म्हणजे व्यवहार पक्का केल्याची आगाऊ रक्कम. मुदतीत बाकीचे पैसे दिले नाहीत तर ती बुडाली. मी पान-सुपारी ठेवून, चार माणसांसमोर नारळ फोडून पाटल्यांचे सगळे पैसे दगडूच्या हातात ठेवले. सुभेदारांना दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"पानी प्याल्याबिगार इसार दिला?" एवढंच ते म्हणाले आणि काठी उचलून चालायला लागले.

दगडूच्या घरात त्यांनी नेहमीसारखी हाक दिली. आतून एक तिशीची बाई तांब्या-फुलपात्र घेऊन आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कुनाची गं तू?"

"धाकल्यांची. यशवंताची." ती दगडूची भावजय होती, तानूबाई. "पलटनीत हायेत. बरम्याकडं गेल्यात."

"पत्र येतंय?"

"वरीस झालं, न्हाई आलं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "ही कोन पावणं?"

तिला माहीतच नव्हतं! सुभेदारांनी सांगून टाकलं, "हे मास्तर. हे घर इकत घेत्यात." तानूबाईच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. ती ते उचलायलाही वाकली नाही. "आन् मी?" तिनं दारात उभ्या असलेल्या दिराला विचारलं. दगडू म्हणाला, "तू म्हायेरी जायचं." "म्हायेरी कोन हाय माझं?" ती म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर सुभेदार थांबले. "मी सही करनार न्हाई."

मी भडकलो. पार भडकलो. "अहो, चार दिवसांवर मुदत आली! पैसे बुडाले तर बायकोला बाळंतपणाला कुठं नेऊ? शाळेच्या पडवीत? आणि तो यशवंता काय आता परत येतोय होय? सगळं गाव म्हणतं तो गेला!"

"गाव म्हनतंय," सुभेदार शांतपणे म्हणाले. "पर अर्धं घर त्येचं हाय. कुंकू हाय तवर त्येची सही बाकी हाय."

मी त्यांना तिथंच सोडून निघून गेलो. "तुमची सही तुमच्याजवळ राहू दे," असंही म्हणालो, आणि बरंच काही म्हणालो. सरस्वतीला सांगितलं तर ती रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली. मी दोन भुसार व्यापाऱ्यांचे पाय धरले, ते दोघं जामीन व्हायला तयार झाले. मुदतीच्या दिवशी पतपेढीत गेलो तर सुभेदार आधीच चेअरमनसमोर बसलेले! जुना फौजी कोट घातलेला. चेअरमननं माझा कागद बाजूला सारला आणि म्हणाला, "मास्तर, एका भावाची सही नसलेल्या घरावर पतपेढीचा पैसा देता येत नाही."

घर गेलं, पाटल्या गेल्या. सुभेदारांनी माझं मनगट धरलं आणि मला जवळजवळ ओढतच मारुतीच्या पारावर नेलं. इसाराच्या वेळची चारी माणसं त्यांनी गोळा केली होती. दगडूही होता. आणि पाराच्या कडेला, पदर तोंडाशी धरून, तानूबाई.

"मास्तरचा इसार माघारी दे," सुभेदार म्हणाले.

"का म्हनून? मुदत त्येंनी मोडली. रीत हाय ती."

"अर्ध्या मालकानं पुऱ्या घराचा इसार घेतला ही कंची रीत?"

"अर्धा कसला? भाऊ न्हाई माझा आता!"

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे... मेलाय तो!"

"हितं आमाला कशाला सांगतोयस गड्या?" सुभेदारांनी काठीनं पाराची कड दाखवली. "ती बसलीय न्हवं. तिच्या म्होरं जा, तिच्या तोंडाकडं बघ आन् म्हन. एवढं म्हनलास की मी सोता सही करतो. घर मास्तरचं."

दगडू उठला. खरंच उठला. तानूबाईसमोर जाऊन उभा राहिला. तिनं पदर खाली घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. खरं सांगतो, त्यानं म्हणावं असं मला वाटत होतं. दगडूचे ओठ हलले. मग तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "माझ्याच्यानं न्हाई हुयाचं," म्हणाला. संध्याकाळी इसार परत आला. त्यातून पै कमी नव्हती.

आमची मुलगी शाळेमागच्या गळक्या खोलीत जन्मली. वर्षभर मी सुभेदारांशी बोललो नाही. ते मात्र रस्त्यात भेटले की "काय मास्तर, ल्येक कशी हाय?" असं विचारायचेच. पुढच्या वर्षी त्यांनीच निरोप धाडला, ओढ्याकडेला दोन खणी घर आहे, पाणी पिऊन आलोय, बाई खुशीनं लेकाकडं रहिमतपूरला चाललीय. त्या घराला त्यांनी सही दिली. पतपेढीचं कर्ज मी हप्त्याहप्त्यानं फेडलं आणि अजून त्याच घरात राहतो.

लढाई संपली. यशवंता आला नाही. सरकारी कागद आला, तानूबाईला पेन्शन सुरू झाली आणि ती तिच्या वाट्याच्या दीड खणात ठामपणे राहिली. तिच्या खर्चाला दिराकडं हात पसरायची गरज उरली नव्हती, त्यामुळं तिला बाहेर काढायची दगडूचीही छाती झाली नाही.

त्यानंतरच्या थंडीत सुभेदार आजारी पडले. मी रोज शाळा सुटली की जाऊन बसायचो. एकदा यशवंताचा विषय निघाला. मी म्हणालो, "सुभेदार, तुम्ही त्याची वाट बघितलीत, पण बिचारा आला नाही."

"मी कुठं वाट बगितली?" ते म्हणाले. "तो गेलेला मला ठावं हुतं."

मला वाटलं, तापात बरळतायत. पण नजर साफ होती. "तुमी इसार द्यायच्या अगुदर म्हैनाभर. मिरजंला दवाखान्यात त्येच्याच पलटनीतला पोरगा पडला हुता, पाय गेलेला. त्येनं सोताच्या हातानं माती दिलेली. मी त्येला म्हनलं, सरकारी कागद येईस्तोवर तोंड उघडू नगं. पेन्शनीच्या आधी बातमी फुटली तर दगडू तिला दुसऱ्या दिशी रस्त्यावर काढील."

"आणि पारावर? दगडू म्हणाला असता तर?"

"तर मी म्हनलो असतो, तू खोटारडा हायस, यशवंता जित्ता हाय, मला पत्र आलंय." ते दम लागेपर्यंत हसले. "मारुतीच्या म्होरं उभा ऱ्हाऊन खोटं बोललो असतो."

एवढ्या वर्षांत मला हा माणूस हट्टी वाटला, न्यायी वाटला, कधी कधी दगड वाटला. वर्षभर मी त्याला शिव्या घातल्या, आणि त्यानं एका शब्दानं स्वतःचा बचाव केला नव्हता. मी म्हणालो, "अहो, मग निदान मला तरी सांगायचं होतं. मी का कुणाला बोललो असतो?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, माया होती, आणि तेच सोसवेना.

"तुमाला घर पायजे हुतं मास्तर," ते म्हणाले.